नानांचे बावीस दिवस

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष असलेले आपल्या कारखान्याचे माननीय डायरेक्टरसाहेब, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, युनियनचे पदाधिकारी, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

एकतीस वर्षं एचआरमध्ये काढली. किती माणसं लागतील याचा अंदाज बांधायचा, ती आणायची, सांभाळायची, आणि नकोशी झाली की चांगल्या शब्दांत घरी पाठवायची. आज मलाही चांगल्या शब्दांत पाठवताय. आधीच्या वक्त्यांनी माझं इतकं कौतुक केलं, की मलाच वाटलं, या माणसाला जाऊ का देताय?

पण एक गोष्ट त्यांच्याकडून राहिली. ती मी सांगतो.

प्रेस शॉपमधले नाना आठवतात ना? सहा वर्षांपूर्वी पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. गेटवर तेव्हा 'अपघाताविना ९७८ दिवस' असा बोर्ड होता. हजार दिवस झाले की हेड ऑफिसचं पारितोषिक मिळणार होतं. मी दवाखान्यात गेलो आणि काय म्हणालो असेन? "नाना, रजेचा अर्ज देऊन टाका. घरी लागलं म्हणा. पुढचं मी बघतो."

नाना म्हणाले, "साहेब, तुम्ही म्हणताय ना, मग झालं."

त्यांची रजा शिल्लक नव्हती. बावीस दिवस मी गैरहजेरीत टाकले. नाना कामावर परतले त्याच दिवशी हजार दिवस भरले, आपण पेढे वाटले. नानांनी डाव्या हाताने घेतला. मी पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

दोन वर्षांनी चाळीस माणसं कमी करायचा हुकूम आला. वशिलेबाजीचा आरोप नको म्हणून नियम मीच केला: ज्याची गैरहजेरी जास्त, तो आधी. कॉम्प्युटरने यादी काढली. सातवं नाव नानांचं.

ते काढता आलं नसतं का? आलं असतं. पण कारण लिहावं लागलं असतं. मी सही केली.

नाना केबिनमध्ये आले, टेबलावर हात ठेवला आणि म्हणाले, "साहेब, ही बोटं रजेवर गेली होती का?" मी त्यांना पाणी विचारलं. लाज वाटते सांगायला, पण खरंच पाणी विचारलं.

पुढे एका कारखान्यातून नानांची चौकशी करणारा फोन आला. मी रेकॉर्ड उघडून वाचून दाखवलं, "गैरहजेरी जास्त." तीही नोकरी गेली, माझ्याच तोंडून. अपंगत्वाच्या पेन्शनचा अर्ज तर तीनदा परत आला, कारण आपल्या कागदांत अपघातच नाही. गेल्या महिन्यात नानांच्या पत्नी, आमच्या वहिनी, माझ्या दारात आल्या. रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भावजी, एकदा खरं लिहून द्या."

मी लिहिलंय. अध्यक्षमहोदय, आपल्यासमोरच्या गुच्छाखाली तो कागद आहे. माझी सही झालीय. दुसरी सही त्या वेळच्या प्लँट हेडची लागते, म्हणजे आपली. पाच वाजेपर्यंत मी या खुर्चीवर आहे, तोवर तो कागद माझ्या शिक्क्याने बाहेर जाऊ शकतो. नाना शेवटच्या रांगेत बसलेत, हात खिशात घालून. त्यांचा गेटपास मीच केला.

आपण सर्वांनी वेळ काढलात, या माणसाला इतकी वर्षं सहन केलंत, मी मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. नानांचं मात्र पोटात घालू नका, तो अधिकार तुमचा नाही, आणि पोटात घाला असं मी त्यांनाही म्हणणार नाही.

पाचला वीस मिनिटं आहेत. अध्यक्षमहोदय, पेन आहे ना आपल्याकडे? मी इथेच उभा आहे.