नकाशातून खोडलेला म्हातारा

माझं नाव संघमित्रा. गाव परभणी जिल्ह्यातलं, दुधना नदीच्या काठचं, आणि आता राहते इथं नेदरलँड्समध्ये, कापेल आन डेन आयसेल गावी, समुद्राच्या पातळीखाली. तुम्ही बसलात ती खुर्चीसुद्धा समुद्राच्या खालीच आहे, घाबरू नका, हे लोक पाणी सांभाळतात, त्यात ते हुशार आहेत, आणि त्याच हुशारीचं तर सांगायचंय मला. मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू आहे ना? असू दे. मी रागात बोलणार आहे, मधे थांबवू नका, लिहिताना काय गाळायचं ते गाळा, फक्त माझी चूक तेवढी गाळू नका.

माझा बाप, किसन नाव त्याचं, मोजणी खात्यात साखळी ओढायचा. जमीन मोजायची ती लोखंडी साखळी, तुम्ही पाहिली नसेल. साहेब छत्रीखाली, आणि बाप साखळीचं टोक धरून काट्याकुट्यातून, चिखलातून. अख्ख्या पंचक्रोशीच्या हद्दी त्याच्या पायाखालून गेल्या, पण आमचं स्वतःचं रान म्हणजे गायरानातला एक तुकडा, आज्यानं दगडं वेचून वेचून केलेला, त्यात माय ज्वारी घ्यायची, तूर घ्यायची, आणि सरकारी कागदावर तिथं काय लिहिलेलं होतं? पडीक. माझ्या मायच्या ज्वारीला पडीक म्हणायचे हे लोक.

एका वर्षी सरकारला तिथं झाडं लावायची होती. मोजणी आली, आणि साखळीचं टोक धरायला कोण, तर माझाच बाप. पोटऱ्यात आलेल्या ज्वारीतून त्यानं साखळी ओढली, मी सहावीत होते, बांधावर उभी राहून बघत होते. साहेबानं विचारलं, इथं जुनी काही खूण आहे का, विहीर, देऊळ, समाधी? आमच्या बांधावर आधी शेंदूर फासलेला म्हसोबा होता, पण घरानं धम्म घेतला तेव्हा आज्यानं आणि बापानं तो उचलून दुधनेत टाकला. म्हणजे खूण नाही. शेजारीच, गावातल्या बड्या लोकांनी त्याच गायरानात मारुतीचं देऊळ बांधलेलं, ते सुटलं, देवस्थान म्हणून. आमची ज्वारी गेली. म्हसोबा टाकला ते बरोबरच केलं, मी आजही हेच म्हणेन, त्या दगडानं आमच्या माणसांना किती पिढ्या वाकवलं ते मला कुणी शिकवू नये. पण बाप त्या दिवशी जेवला नाही. मला जवळ घेऊन म्हणाला, पोरी, मोजायचंच असंल तर मोजणारी हो, ओढणारी होऊ नको.

झाले की मग मोजणारी. शिष्यवृत्तीवर औरंगाबादला शिकले, मग नकाशांचं पुढचं शिक्षण घ्यायला इकडे आले, ती इथलीच झाले. मिस्टर कॉम्प्युटरमध्ये, मुलगी ग्रोनिंगनला शिकते, मी मराठीत भांडते आणि ती डचमध्ये उत्तर देते, असं आमचं चाललंय. आणि माझी नोकरी म्हणजे पाण्याचा सल्ला देणाऱ्या कंपनीत नकाशे करायचे. नाव सांगत नाही, नाव महत्त्वाचं नाही. रोज फीट्सवरून, म्हणजे सायकलवरून, डाइकच्या, नदीच्या बांधाच्या, कडेकडेनं ऑफिसला जाते, एका बाजूला नदी माझ्या डोक्याच्या वर आणि दुसऱ्या बाजूला घरं माझ्या पायाच्या खाली, आणि इतक्या वर्षांत मला हेच खरं वाटायला लागलं होतं की जगातलं सगळं पाणी कुठं ठेवायचं ते आम्हालाच कळतं.

तर मागे एकदा थायलंडचं काम आलं. ईशान्येकडचं पठार आहे, तिथला एक अम्फो, म्हणजे आपल्याकडचा तालुका म्हणा. पावसाळा संपता संपता नदी फुगते, खालच्या शहरात पाणी शिरतं, म्हणून वरच्या अंगाला रिकामी सखल जमीन शोधायची आणि पुराचं पाणी तिथं बांध घालून साठवायचं. रिकामी म्हणजे काय, याचा ऑफिसचा नियम होता. घर नाही, नोंद असलेलं शेत नाही, आणि देऊळ, शाळा, विहीर असली कुठलीच वास्तू नाही, तर ती जागा रिकामी. तिला फिका निळा रंग द्यायचा. रंग देणारी मी.

तिथल्या कॉलेजच्या पोरांनी फिरून खुणा नोंदवून पाठवल्या, फोटोसकट. त्यात नदीकाठच्या रानात अकरा ठिकाणी एकच गोष्ट होती, चार खांबांवर एवढीशी लाकडी झोपडी, आत लाकडाचे हत्ती, वाळलेल्या माळा, लाल सरबताच्या बाटल्या. खाली लिहिलेलं, आजोबाचं ठाणं, गावाचा राखणदार. काय सांगू तुम्हाला, माझं टाळकंच फिरलं. मला आमच्या बांधावरचा तो शेंदूर दिसला. म्हटलं, बुद्धाचा देश म्हणायचा आणि भुतांना सरबत पाजायचं? अकराच्या अकरा खुणा मी खोडल्या. शेजारची डच बाई, चांगली आहे बिचारी, तिनं विचारलंसुद्धा, नक्की ना? मी काय म्हणाले ऐका. मी म्हणाले, मी बौद्ध आहे, मला कळतं त्यातलं. खुणा गेल्या आणि सगळा नदीकाठ एका दुपारी निळा झाला, आणि मी कॉफी प्यायला गेले.

आता पी नोईचं सांगते. पी म्हणजे ताई. आपली मराठी बौद्ध कुटुंबं इथं वैशाख पौर्णिमेला थाई विहारात जमतात, तिथल्या स्वयंपाकघरात ही असते. साठीची बाई, तीस वर्षं इथं, डच माणसाशी लग्न केलं, काचघरात टोमॅटो तोडून तोडून बोटं वाकडी झालेली. तिचं माझं इंग्रजी-डच मिसळून चालतं. एका रविवारी दोघी भाजी निवडत बसलो होतो, बोलता बोलता निघालं की तिचं माहेर त्याच अम्फोतलं. मला केवढा आनंद झाला! म्हटलं, थांब, तुला तुझा तालुका दाखवते. मोठ्या मिजाशीत लॅपटॉप उघडला.

तिनं चष्मा लावला. नदीचं वळण ओळखलं, बोट फिरवत फिरवत आपल्या गावाशी आली, आणि म्हणाली, इथं पू-ता कुठं गेला? पू म्हणजे बापाचा बाप आणि ता म्हणजे आईचा बाप. मी हसून सांगितलं, ते भुताचं ठाणं ना, ते मी काढलं. तिनं हातातली भाजी खाली ठेवली, हात पुसले. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग तिनं मला तिचा अम्फो सांगितला, जो माझ्याकडच्या एकाही कागदात नव्हता. तिथली माती लाल, रेताड आणि खाली मीठ, त्यामुळे विहीर खणली तर पाणी खारट. माणूस राहू शकतो ते उंचवट्यावर आणि शेजारी गोडं तळं असेल तरच, म्हणून गावांची नावंसुद्धा उंचवटा अमका आणि तळं तमकं अशीच. काही उंचवटे तर हजारो वर्षांचे, भोवती खंदक, खणलं की खापरं निघतात, तेव्हापासून लोक तिथं मीठ उकळतायत. नोईचे पूर्वज मेकाँग नदीच्या बाजूनं चालत आले, लाओ भाषा बोलणारे, त्यांच्यात ज्यानं पहिला उंचवटा शोधला तो म्हातारा म्हणजे पू-ता. तो देव नाही. भूतही नाही. पहिला कसणारा आहे तो.

आणि ते निळं रान! त्याला ते थाम म्हणतात. तीन महिने पाण्याखाली असतं आणि मरत नाही, बांबू, काटेरी झाडं तशीच उभी; पण बांध घालून कोंडलेलं पाणी उतरणारच नाही. पाणी उतरलं की म्हशी चरायला, अळंबी, कंद, कोंब, डबक्यातले मासे, चटईची लव्हाळी. उन्हाळ्यात जमिनीवर मीठ फुलतं, बायका ते खरवडतात, पोखरलेल्या ओंडक्यात पाण्यानं गाळतात, उकळतात. त्या मिठात मासे मुरवायचे ते वर्षभर पुरतात. आणि खरवडायच्या आधी म्हाताऱ्याला सांगावं लागतं, कोण आलंय, कुणाची लेक, किती नेणार. न विचारता झाड तोडलं तर गाव दंड करतं. त्याचं ठाणं जिथं, तिथून पुढचं थाम त्या गावाचं, सगळ्यांचं मिळून, आणि शेजारचं गाव ते मानतं. कागद नाही त्यांच्याकडे. तो म्हातारा हाच त्यांचा सातबारा, आणि तो मी खोडला होता. गायरान कसणाऱ्याच्या पोरीनं. म्हणजे बापानं निदान साखळीच धरली होती, पोटासाठी, हुकमानं. मी तर स्वतःच्या अकलेनं केलं, आणि वर अभिमानानं केलं.

सोमवारी ऑफिसात गेले. आमचा प्रमुख रूड, उंच, गोड बोलणारा. त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, या लोकांना ऐकून घेता फार छान येतं, कॉफी दिली, बिस्किट दिलं. म्हणाला, अहवाल गेलाय, आणि तपासणीवर सही तुझीच आहे ना. म्हटलं, माझीच आहे, म्हणून तर सांगते, चूक झाली, अकरा खुणा परत घाला, निळा रंग काढा. तर म्हणाला, नियमाप्रमाणे वास्तू हवी, एवढ्याशा झोपडीला वास्तू म्हणायचं का यावर चर्चा होऊ शकते, पण आता नाही, स्थानिक लोकांचं म्हणणं तिकडे घेतलं जाईलच. मग मिटिंग झाली, सहा जण, पुन्हा कॉफी. कुणी आवाज चढवला नाही. एकानं सुचवलं, परिशिष्टात सांस्कृतिक श्रद्धा म्हणून एक परिच्छेद टाकू. श्रद्धा! ज्वारीला पडीक म्हणणारे निदान तोंडावर म्हणायचे. इथं तुमची जमीन बुडवतात आणि तुमच्या श्रद्धेचा आदर करतात. मी उभी राहून म्हणाले, तुमच्या गावातलं चर्च मी कुणी आत जात नाही म्हणून खोडलं असतं तर? रूड म्हणाला, संघमित्रा, तू थकलेली दिसतेस, हाउसआर्ट्सना भेटून ये. म्हणजे डॉक्टरला दाखवा. राग आला की बाई आजारी.

मी लेखी दिलं, चूक माझी, अमुक खुणा मी खोडल्या, कारण अमुक. त्यांनी काय केलं, अहवालाच्या नव्या प्रतीतून माझंच नाव काढलं आणि मला दुसऱ्या कामावर टाकलं. आता त्या अहवालात म्हातारा पण नाही आणि मी पण नाही.

मग मी आणि नोईनं आमचा नकाशा करायला घेतला, ह्याच टेबलावर, दर रविवारी. नोईची आई ऐंशीच्या पुढची, ती फोनवर सांगायची, नोई थाईत लिहायची, मी काढायची. कुठल्या डबक्यात कुठला मासा, मीठ कुठं, म्हशींची वाट कुठली, आणि अकराही ठाणी. मोठा छापून घेतला आणि नोईच्या भावाकडे पाठवला. त्यानं तो गावच्या प्रमुखाला दिला. पुढच्या महिन्यात अम्फोच्या कचेरीत सुनावणी आहे. तिथले अधिकारी म्हणाले म्हणे, ह्यावर कंपनीचा शिक्का नाही. नसू दे, गावकरी तोच घेऊन जाणार आहेत.

पण नकाशा पोचला तेव्हा नोईची म्हातारी आई अडून बसली. म्हणाली, आधी जिनं त्याला खोडलं तिनं त्याला सांगायचं, मग आम्ही हा उघडू. मी नोईला स्पष्ट सांगितलं, मी भुताखेतापुढे हात जोडत नाही, माझ्या घरानं त्यासाठी काय काय सोसलंय तुला माहीत नाही. नोई म्हणाली, हात नको जोडू, सांग नुसतं, कुणाची कोण ते. चार दिवस मी धुमसत होते. मग म्हटलं, चूक करताना कुणाला विचारलं होतं मी? नोईच्या भावानं फोन त्या झोपडीत ठेवला, आणि मी मराठीतच बोलले. म्हटलं, मी संघमित्रा, किसन साखळीवाल्याची पोरगी, दुधनेच्या काठची. तुम्हाला मी खोडलं. माझ्या हातानं. आता नकाशात परत घातलंय.

पलीकडून कोंबडा आरवल्याचा आवाज तेवढा आला. मग म्हातारी काहीतरी म्हणाली, नोईनं सांगितलं, आई विचारते, तुझा बाप कुठं बसतो? मी सांगितलं, बाप गेला, त्याच्या रानात सरकारी झाडं आहेत, तिथं त्याची काही खूण नाही. म्हातारी म्हणाली, मग इथं बसू दे.

आता तिथं आजोबाशेजारी माझ्या बापासाठी लाल सरबताची एक बाटली ठेवतात. बापाला हे बिलकूल चाललं नसतं, त्यानं शिव्या घातल्या असत्या, आणि मलाही हे पटत नाही, तुम्हाला सांगून ठेवते. माझा राग गेलेला नाही, रूडवरचा नाही, मोजणीच्या साहेबावरचा नाही, माझ्यावरचा तर नाहीच नाही, आणि सुनावणीत काय होईल ते मला माहीत नाही. नोईला मात्र मी ती बाटली काढायला सांगितलं नाही. ठेवू देत. आयुष्यभर लोकांच्या हद्दी मोजल्या माणसानं, कुठंतरी बसू दे त्याला.