इंग्रज नट आणि दत्तूअण्णांचा तांब्या

राव, महाळुंग्यात एका बंद कंपनीत शूटिंग होतं, तेव्हा मी दुभाषी म्हणून गेलो होतो. उभं आयुष्य रंगभूमीवर काढलेला एक म्हातारा इंग्रज नट मशीनच्या अपघातात पोरगा गमावलेल्या बापाचं काम करत होता. तो असा रडला, की गर्दीत उभे केलेले गावातले दत्तूअण्णा चालू शॉटमध्येच पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्याजवळ जाऊन बसले.

दिग्दर्शक ओरडला, "अहो काका, खोटं रडतायत ते!"

अण्णा म्हणाले, "व्हय, ठावं हाय. पर रडत्या माणसाला पाणी नगं का द्यायला?"

मी ते इंग्रजीत सांगितलं. नट सावकाश पाणी प्याला आणि तांब्या तसाच हातात धरून म्हणाला, "आयुष्यभर माझ्या रडण्यावर टाळ्याच पडल्या. पाणी आज पहिल्यांदा मिळालं."