दादांच्या नावाने एक्केचाळीस मान्यता

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या वहिनी, आणि चहा लवकर मिळेल या आशेने आलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

आधी एक हिशेब. संगणकावरच्या एका चौकटीतला सातचा आकडा पुसून तिथे तीनशे पासष्ट लिहायला बारा सेकंद लागले. त्यापायी काही महिन्यांनी मी ज्या खुर्चीत मटकन बसलो, ती खुर्ची अजून डुगडुगते आहे.

आज निवृत्त होणाऱ्या आमच्या नेटवर्कच्या बाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "साहेब, सकाळी पासवर्ड दिला की संगणक आपल्याला आत राहायचं तिकीट देतो. ते संपत आलं की न विचारता वाढवून देतो, पण सातच दिवस. मग पुन्हा पासवर्ड. ही मर्यादा असू द्या."

मी म्हणालो, "कारखाना माझा, आणि दर आठवड्याला मलाच विचारणार, तू कोण? वर्षाची करा. माझ्या सहीशिवाय इथून एक खोकं बाहेर जात नाही, काळजी कसली?"

बाईंनी ते माझ्याकडून लिहून घेतलं. मला हसू आलं होतं.

पुढे दादा गेले. माझे थोरले बंधू, या पंपांच्या कारखान्याचे निम्मे मालक, माल पाठवायला त्यांची मान्यताही चालायची. त्यांची खोली तशीच ठेवा, चालू संगणकालाही हात लावू नका, असं मीच बजावलं. वहिनी, आठवतंय ना?

तीन महिन्यांनी बाई एक यादी घेऊन आल्या. त्या तीन महिन्यांतल्या, माल पाठवायच्या मान्यता. एक्केचाळीस ठिकाणी मान्यता देणाऱ्याचं नाव: दादा. शेवटची त्याच दिवशी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी! काय सांगू तुम्हाला? मी मटकन बसलो तो तेव्हाच.

झालं होतं असं, की माझी सही दोन-दोन दिवस मिळायची नाही, म्हणून डिस्पॅचचे काका दादांच्या खोलीत जाऊन, वर्षाच्या तिकिटामुळे पासवर्ड न मागणाऱ्या त्यांच्या संगणकावर बटण दाबत होते. मान खाली घालू नका, काका.

मी ओरडलो: "काका घरी! आणि बाई, तुम्हीसुद्धा!"

बाईंनी माझी चिठ्ठी टेबलावर ठेवली. "मला काढा, पण ही वाचून काढा. आणि काकांना काढायच्या आधी त्या एक्केचाळीस खेपा नीट पोचल्या का, तेवढं तपासा."

ना काका गेले, ना बाई. मर्यादा पुन्हा सात दिवसांची झाली. आज बाई निघाल्या आहेत त्या स्वतःच्या वेळेवर, ताठ मानेने. बाई, मनापासून आभार. आपणा सर्वांचेही. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला.

हो, तपासाचं सांगायचं राहिलं. त्या एक्केचाळीसपैकी एकही खेप परत आली नव्हती. त्याच तीन महिन्यांत माझ्या सहीने गेलेल्या पाच आल्या होत्या.