कापूस फिरवून बघा

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी दोघं बोलत बसले होते.

"तुमच्या शर्टाला रक्त लागलंय."

"बायकोचं आहे. आत टाके घालतायत. गाडीच्या दाराची स्टीलची पट्टी लागली बोटाला."

"हल्ली कामं धड करतच नाहीत हो कुणी."

"काम माझंच आहे. बावीस वर्षं कारखान्यात याच पट्ट्यांच्या कडा घासतोय. घासून झालं की कडेवरून कापूस फिरवायचा. एक तंतू अडकला तरी पट्टी नापास. नव्या माणसांना यावर मी तासभर भाषण देतो."

"मग ही कशी सुटली?"

"सुटली कुठे? मीच नापास केली होती. भंगारात जायची, म्हटलं आपल्या गाडीला चालून जाईल."

"वहिनींना सांगितलंत?"

"सांगितलं ना. म्हटलं, कंपनीतून मालच असला येतो."

"पटलं त्यांना?"

"माझं ते भाषण तिलाही पाठ आहे. म्हणजे नाहीच पटलं."

तेवढ्यात बोटाला पट्टी बांधलेल्या बाई बाहेर आल्या. त्यांनी दुसऱ्या हातातला कापसाचा बोळा नवऱ्यापुढे धरला.

"अहो, सिस्टरकडून मागून आणलाय. आधी दारावरून फिरवून या. अडकला तर मी चालत येते."