काकाची दुनाळी

बंदुकीचं काय सांगता गड्याहो, आमच्या केनवडच्या काकाची आयका! काका-काकू वावरातल्या घरी दोघंच राहेत, म्हणून काकानं परवान्याची दुनाळी घेतली. म्हणे, "हिचे छर्रे पांगतात. घरात चोर घुसला तं नेम धराचं कामच नाही."

काकूनं उघड्या दारात जुनं लुगडं टांगलं. "बाजेवरून मारून दाखवा."

धाडकन बार झाला. लुगड्याले एकच भोक, मुठीएवढं!

"हे पांगले? अन् चोराच्या जागी दारात मी असली तं?"

काका म्हणे, "तू आवाज देत येत जाय."

तवापासून काकू भर दुपारी सरपण घेऊन आली तरी कडी वाजवे अन् बाहेरूनच वरडे, "मीच हावो, मारू नका!" काका पोट धरून हासे.

मागच्या साली काकू गेली. निवडणुकीत दुनाळी ठाण्यात जमा केली, ते काकानं परत आनलीच नाही.

परवा मी गेलो. दोनदा कडी वाजवली, आतून उत्तर नाही. दार लोटलं तं काका बाजेवर जागाच.

"काका, काहून बोलले नाही?"

"कडी वाजली का मी थांबतो लेका. आधी तिचा आवाज आयकाची सवय हाय."