हरतालिकेच्या दिवशीची चूळ

मंडळी, एक विचारते. उत्तराची घाई करू नका. व्रत मोठं, की ज्या देहानं व्रत करायचं तो देह मोठा? — व्रत, म्हणता? बरं. ऐका तर!

बोरटेक नावाचं गाव. तिथलं माणूस बाजारात तोंड उघडलं की ओळखू येतं! दातांवर तपकिरी डाग. लहानपणापासून पोटात जातं ते बोअरचं पाणीच तसं. डाग दातांत मुरलेला. राखेनं जात नाही, मिठानं जात नाही. त्या गावची प्रणाली. गुणी पोर, पण हसू आलं की ओढणी तोंडावर!

वणीकडचे पाहुणे गणपतीच्या दर्शनाला येणार होते. दर्शन आपलं म्हणायला — पाहायची होती मुलगी! मुलाच्या आत्याबाईंनी आधीच फोनवर विचारलं, "पोरगी हसते तरी का वो? बोरटेकची हाय म्हणून विचारलं!" आणि स्वतःच खो-खो हसल्या. फोन स्पीकरवर होता; दाराआड उभ्या प्रणालीनं ते ऐकलं.

मग मोबाईलवर जाहिरात दिसली — 'एका दिवसात मोत्यासारखे दात! अर्ध्या किमतीत, फक्त आज!' अहो, डॉक्टर तोंड पाहून औषध देतो. हा न पाहताच देतो, आणि वर घाईही करतो! डबी आली, दातांना लावायच्या लेपाची. आत काय आहे, कुणी केलं, काही लिहिलेलं नाही. तिनं विकणाऱ्याला मोबाईलवरच विचारलं, किती वेळ ठेवू? उत्तर आलं — 'जितका वेळ ठेवाल, तितके पांढरे.'

दुसऱ्या दिवशी हरतालिका. वाळूची पिंड, पत्री, निर्जळी उपास. प्रणालीच्या मनात आलं — आज खाणं नाही, पिणं नाही. लेप दिवसभर राहील! देवीनंच दिवस नेमून दिला! पाहा मंडळी, भोळी भक्ती कुठं जाऊन फसते!

पूजा झाली. लेप लावला. आधी चुरचुर, मग आग! डोळ्यांतून धारा. पण चूळ कशी भरायची? तोंडात थेंब गेला की व्रत मोडलं! आणि व्रत तर चांगल्या नवऱ्यासाठी. ओठ घट्ट मिटून पोर पिंडीपुढं बसून राहिली.

आई मंदाबाई फुलं घेऊन आत आल्या.

"काहून गं, असं तोंड काहून धरलं? उघड पाहू."

उघडलं — हिरड्या पांढऱ्याफटक, कडेनं रक्त!

"माय माय माय! चूळ भर आधी!"

"व्रत मोडंल वो आई..."

मंदाबाईंनी जन्मात एक हरतालिका चुकवलेली नाही. त्यांनी पूजेचा कलश उचलला आणि लेकीच्या ओठांना लावला. "महादेव काय दात पाहून पसंत करते का? पाप लागंन तं मले लागू दे. भर चूळ!"

देवीचं व्रत मोडलं का हो? त्या चुळीनंच ते पुरं झालं!

तालुक्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पाहिलं. म्हणाल्या, "हा मळ नाही, बाळा, घासून निघायला. यावर इलाज आहे, पण तो तोंड पाहून, बेतानं करायचा. आणखी वेळ गेला असता तर हिरडी गेली असती."

पाहुणे आले. प्रणालीचे ओठ सुजलेले. आत्याबाईंनी विचारलं, "काय झालं वो हिले?"

मंदाबाई एवढंच म्हणाल्या, "तुमी फोनवर हसल्या, ते हिनं ऐकलं."



लग्न ठरलं का? — तुमचं चित्त तिथंच! निरोप आला, मुलगी पसंत आहे. तोवर ओठ बरे झाले होते. प्रणाली ओढणी न घेता, सरळ तोंडानं म्हणाली, "नाही म्हणून सांग आई. जिथं हसाले भ्यावं लागते, तिथं जन्म कसा काढू?"

मंडळी, मोबाईलवरच्या स्वस्ताच्या हाती आपलं तोंड देऊ नका, हे तर सांगतेच. पण डबी विकणाऱ्यानं बोरटेक पाहिलं नव्हतं. त्या पोरीला लाज त्यानं दिली नाही. ती आपल्यासारख्यांनी दिली, हसत हसत, फुकट. आज घरी गेलात की लेकीसुनांकडे नीट पाहा. हसताना कुणी तोंडावर हात धरते का? धरत असेल — तर तिला काही विचारू नका. तो हात कुणी वर न्यायला लावला, ते स्वतःला विचारा.