गणपतदादांच्या घरची पत्रिका

छापखान्यात माझ्या अक्षराला तोड नव्हती हे मी आजही सांगतो, पण त्याच अक्षरानं एका लग्नात मला घाम फोडला होता. अमरावतीच्या शिळाछापखान्यात मी कागदावर लिहायचो, ते दगडावर उतरायचं आणि हुबेहूब हातानं लिहिल्यासारखं छापून निघायचं.

संत्र्याचे बागाईतदार गणपतदादा लेकीच्या लग्नाची पत्रिका करायला आले. मी ठसठशीत उभी अक्षरं काढून दाखवली.

"हे तं कचेरीची नोटीस वाटून राहिली," ते म्हणाले. "घरच्या पत्रावानी लिवा."

ते सांगत गेले, मी मोकळ्या, तिरप्या हातानं लिहीत गेलो. 'तुमी आल्याबिगर मांडव सुना राहीन.' शंभर प्रती निघाल्या.

लग्नात मीही होतो. दहा वर्षं अबोला धरलेला दादांचा धाकटा भाऊ तुकाराम बाळापूरहून बायकापोरांसकट हजर! पत्रिका हातात धरून म्हणाला, "दादा, तुले तं लिवता येत नव्हतं. माह्यासाठी शिकला?"

तेवढ्यात शेजारच्या पाहुण्यानं आपली पत्रिका काढली. तंतोतंत तीच. तुकारामाचा चेहरा उतरला.

"म्हंजे सगळ्याईले हेच?" तो बायकोकडे वळला. "चाल घरी."

मी मान खाली घातली. गणपतदादांनी मात्र भावाचा हात घट्ट धरला आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"अक्षर या लेखकाचं हाये, बोल माहे हायेत. सांगतांनी डोळ्यापुढं तूच होता. बाकीच्याईले फुकटात भेटलं."

त्या दिवशी पंगतीत वाढायला तुकारामच उभा होता.